हसलेला ओमुसोबा

ओसाकात सहा वर्षे राहून, सायकल कुठे लावावी यापासून कचरा कोणत्या वारी कोणता टाकावा इथपर्यंत सारे अंगवळणी पडल्यावरही ज्याच्यापुढे मी हात टेकले, तो पदार्थ म्हणजे ओमुसोबा. कोबी घालून परतलेल्या नूडल्स अंड्याच्या पातळ पोळीत गुंडाळायच्या, वरून काळपट सॉस आणि मेयॉनीजच्या रेघा ओढायच्या, समुद्री शेवाळाची हिरवी पूड भुरभुरवायची, की झाला ओमुसोबा. हे वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या ओकोनोमियाकीच्या (कोबी घातलेल्या जाड जपानी धिरड्याच्या) दुकानातल्या आजीबाई एक ओमुसोबा करून गिऱ्हाइकापुढे सरकवतात आणि वर हवापाण्याची चौकशीही करतात.

एका पावसाळी रविवारी मुलीने त्या दुकानात जाण्याचा हट्ट धरला आणि माझ्या तोंडून निघून गेले, "त्यात काय आहे, घरीच करू." पुण्यात खोली घेऊन राहत असताना चार वर्षे आमलेट-पावावर काढलेला मी, अंडे हा माझा प्रांत, अशी माझी समजूत होती. पत्नीने नुसते "करा हो" म्हटले आणि ती पुस्तक घेऊन बसली. त्या 'करा हो'मधला सूर मी तेव्हाच ओळखायला हवा होता.

याकिसोबाचे, म्हणजे परतायच्या नूडल्सचे, पाकीट आणले. त्यात तीन जणांपुरत्या वाफवलेल्या नूडल्स आणि मसाल्याच्या तीन पुड्या असतात. सोबा म्हणजे खरे तर बकव्हीट, उत्तरेत उपवासाला चालणारा कुट्टू. पण या नूडल्स निव्वळ गव्हाच्या असतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ती लादी फ्रिजमधून काढून तशीच तव्यात टाकली आणि सुटी होत नाही म्हणून उलथण्याने टोचली, तेव्हा हाती आला तो शेवयांचा उपमा. लादी आधी मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभर गरम करायची असते, म्हणजे धागे आपसूक सुटतात, हे पत्नीने पुस्तकातून डोके वर न काढता सांगितले, आणि तेही दुसरी लादी मोडून झाल्यावर.

सॉसने मात्र जीव निवला. इथल्या काही सॉसांत चक्क खजूर असतो, त्यामुळे तो तव्यावर चुरचुरला की भेळेच्या आंबटगोड चटणीची आठवण होते. इथपर्यंत घरात वासही दुकानासारखाच सुटला होता, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो.

खरी परीक्षा अंड्याची. दोन अंडी फेटली, पोळी फाटू नये म्हणून त्यात चमचाभर बटाट्याचे स्टार्च पाण्यात कालवून घातले आणि मिश्रण पसरले. खालची बाजू धरली, वरची अजून ओलसर आहे, अशा वेळी नूडल्स ठेवून घडी घालायची असते. पण अंड्याचा वरचा भाग चकाकतो आहे तोवर ते कच्चे, हा आमच्या घरचा दंडक. जपानी माणूस गरम भातावर कच्चे अंडे फोडून खातो. इथे अंड्यांच्या डब्यावरची तारीखसुद्धा ती कच्ची कधीपर्यंत खाता येतील याची असते. मला ते सारे ठाऊक होते, परंतु हाताला ठाऊक नव्हते. चकाकी जाईपर्यंत मी थांबलो, आणि तोवर पोळीचा पापड झाला.

शिवाय आजीबाईंची लोखंडी तापपट्टी सपाट असते. तिच्यावर त्या दोन्ही हातांत रुंद उलथणी, म्हणजे 'कोते', धरून पोळी कडेने सरळ उचलतात. माझ्या तव्याला काठ होता. उलथणे काठाशी अडले, पोळी मधोमध चिरली आणि त्या चिरेतून नूडल्स गर्दीच्या लोकलच्या दारातून माणसे लोंबावीत तशा बाहेर लोंबू लागल्या. नेमका त्याच वेळी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मुलीने तत्परतेने कॅमेरा तव्याकडे वळवला. आई क्षणभर निरखून पाहत राहिली.

"अरे, तुझी करंजी हसली की! सारण किती भरलंयस? आणि कडा ओली नको का ठेवायला, चिकटणार कशी ती?"

जपान न पाहिलेल्या बाईने दोन वाक्यांत दोन्ही चुका सांगितल्या. तिच्या देखरेखीखाली दुसरी पोळी घातली. या वेळी नूडल्स निम्म्याच घेतल्या, अंडे ओलसर असतानाच घडी घातली, आणि ती बसली सुद्धा. उरले होते ते ताटात उतरवणे. थालीपिठासारखे तव्यावर ताट पालथे घालून मी एका झटक्यात तवा उलटा केला. अर्धा ओमुसोबा ताटात आला आणि अर्ध्याने शेगडीची वाट धरली.

जे ताटात होते त्याच्या चिरा मेयॉनीजने लिंपल्या आणि वर बोनिटो माशाचे पातळ कीस पसरले. हे कीस वाफेने हलते, नाचल्यासारखे दिसते. साऱ्या ताटात आनंदात असलेले तेवढेच एक होते. तिघांनी मिळून खाल्ले, आईने 'बरं दिसतंय' असे म्हणून फोन ठेवला, आणि शेगडीच्या फटींतून नूडल्स टूथपिकने उपसत मी ओट्याशी उभा असताना मुलगी छत्री घेऊन दारात येऊन थांबली.

"बाबा, दुकान नऊपर्यंत उघडं असतं."

पत्नीने पुस्तकात खूण घातली आणि चपला शोधू लागली.