"गोळी नाही, एमआरआय नाही, नुसती वही" या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, परत सकाळी वाचला. एक स्टारचं वाईट वाटलंच, पण "माझा भाऊ नाटक करतोय असं यांना वाटतं" हे वाक्य जास्त लागलं, कारण तसं आमच्या सेंटरमध्ये कोणालाच वाटत नाही. भावाची फाईल किंवा टेस्टचे आकडे मी इथे सगळ्यांसमोर लिहू शकत नाही, म्हणून तुम्ही जे स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलते. पाच महिन्यांपूर्वी ते बाईकवरून पडले, सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरी सांगितलेलं लक्षात राहत नाही, आमच्याकडे सहा सेशन झाली आणि आम्ही "ना गोळी दिली ना एमआरआय केला, ट्रेडमिलवर चालवलं, वहीत लिहायला लावलं आणि वर झोपेच्या चौकशा केल्या".

आधी आमच्या चुका. ४० मिनिटं बाहेर बसवलं, तेही टीव्ही चालू, दार उघडं, रस्त्यावरचे हॉर्न आत येतायत अशा जागी. डोक्याला मार लागलेल्या माणसाला तो आवाजच सहन होत नाही हे आम्हाला कळायला पाहिजे होतं, माफ करा. टीव्ही आजच काढायला सांगितलाय. दुसरी चूक याहून मोठी आहे. ज्या माणसाच्या लक्षात राहत नाही त्यालाच आम्ही सहाही वेळा सगळं समजावलं आणि तो घरी जाऊन तुम्हाला सांगेल असं धरून चाललो! तुम्हाला आत बोलवायला हवं होतं, तेव्हा जे सांगायचं राहिलं ते आता सांगते.

याला आपण मुका मार म्हणतो ना, तसंच आहे हे. रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही, म्हणून सीटीत काही दिसत नाही आणि बहुतेक वेळा साध्या एमआरआयमध्येही दिसत नाही, पण झटक्याने मेंदूतले धागे ताणले जातात आणि पेशींचं काम काही काळ बिघडतं. बहुतेक लोक काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत बरे होतात, काहींचं रेंगाळतं, आणि रेंगाळतं तेव्हा बऱ्याचदा आठवण पुसली गेलेली नसते, ती मुळात नीट आत गेलेलीच नसते. आमच्याकडे एक टेस्ट असते, १५ शब्द वाचून दाखवायचे, मग आठवतील ते सांगायचे, असं पाच वेळा. अशा पेशंटकडून पहिल्या वेळी चारपाचच शब्द येतात, चेहरा पडतो बिचाऱ्याचा, पण पाचव्या वेळेपर्यंत बरेच जमतात आणि अर्ध्या तासाने परत विचारलं तर त्यातले बहुतेक तसेच असतात. म्हणजे साठवण शाबूत, लक्ष लवकर थकतं. आणि लक्ष थकवणाऱ्या गोष्टी म्हणजे अर्धवट झोप, डोकेदुखी, चक्कर, मानेचं दुखणं, काळजी. म्हणून झोपेची चौकशी. त्यात "मनाचे खेळ आहेत" असं सुचवायचं नव्हतं, झोप सुधारली की पहिला फरक तिथून दिसतो म्हणून विचारलं.

ट्रेडमिलचं म्हणाल तर पूर्वी अंधाऱ्या खोलीत पडून राहा असं सांगायचे, आता एकदोन दिवसांपलीकडे पूर्ण विश्रांती सांगत नाहीत. म्हणून ट्रेडमिलचा चढ दर मिनिटाला थोडा वाढवत जायचं आणि डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं की तिथेच थांबून नाडीचा आकडा लिहून घ्यायचा, मग रोजचा व्यायाम त्या आकड्याच्या ८० ते ९० टक्क्यांवर, साधारण २० मिनिटं. नुसतं चालणं नाहीये ते.

गोळ्या. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारी, गोळ्या लिहिणं हे न्यूरॉलॉजिस्टचं काम, आणि एमआरआय लागतो की नाही हेही तेच ठरवतात. पण "मेंदूचं टॉनिक" म्हणून आपल्याकडे सर्रास दिली जाणारी सिटिकोलिन, तिच्यावर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, २०१२ मध्ये छापून आला, डोक्याला मार लागलेले १२१३ लोक, ९० दिवस, आणि औषध नसलेल्या, नुसत्या दिसायला तशाच खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. या विसरण्यावर खात्रीची गोळी आज नाही. असती तर मीच तुम्हाला न्यूरॉलॉजिस्टकडे पिटाळलं असतं. चालू असलेली कुठली गोळी मात्र मनाने बंद करू नका, आणि डोकेदुखीसाठी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त घेतली जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्या गोळ्यांनीच डोकं दुखत राहू शकतं.

वहीबद्दल तुम्ही "शाळेसारखं" लिहिलंय. एकच वही, एकाच जागी, सकाळी चहाबरोबर उघडायची आणि रात्री जेवल्यावर, गॅस बंद केला की टिक, औषध घेतलं की टिक. असं केल्याने मेंदू आळशी होत नाही, उलट आठवायच्या धडपडीत जाणारी ताकद वाचते. आणि एक हात जोडून विनंती, ही सगळ्याच घरच्यांना करते, पाहुण्यांसमोर "सांग बरं काल काय खाल्लं?" अशी परीक्षा घेऊ नका. प्रेमानेच विचारतात सगळे, पण माणूस घाबरतो आणि येत होतं तेही येत नाही. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका वेळी एकच गोष्ट सांगा.

पुढचं सेशन तुमच्यासाठी, पैसे नाहीत. शनिवारी दुपारी गर्दी नसते तेव्हा या, वही आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या. सगळं ऐकूनही दुसरीकडे जावंसं वाटलं तर टेस्टचे सगळे रिपोर्ट भावाच्या हातात देईन. पण डोकेदुखी रोज वाढत असेल, उलट्या, फिट, हातापायात कमजोरी, बोलताना जीभ जड होणं किंवा न उठणारी गुंगी यातलं काहीही दिसलं तर शनिवारची वाट बघू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या आणि तिथून आम्हाला फोन करा.