पावसात दूध नव्हतं, दिवे होते

जून उजाडला की एक मेसेज नेमानं फिरायला लागतो. यंदा आमच्या नाटकाच्या ग्रुपवर तिघांनी टाकला. मजकूर साधारण असा: "'सिंगिंग इन द रेन'मधला जीन केलीचा अजरामर नाच! अंगात 103 ताप. पाऊस कॅमेऱ्यात दिसेना म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं. तालीम नाही, कट नाही, रात्रभर भिजत एका टेकमध्ये सुचेल तसा केलेला नाच. गाणंही खास त्या प्रसंगासाठी लिहिलेलं. आजच्या कुणाला जमेल? देवाची देणगीच लागते!"

मेसेजमध्ये कौतुकच कौतुक आहे, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. मला मात्र तो दरवर्षी टोचतो. मी गेली वीसेक वर्षं हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो आणि नट-नर्तक जीन केलीचा हा हॉलिवूडचा सिनेमा मी जीव लावून पाहिलेला आहे. या मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे, बाकीच्या खोट्या आहेत. त्यातली दुधाची गोष्ट मला सर्वांत जास्त लागते, कारण ती माझ्या जातभाईंचं, म्हणजे दिवेवाल्यांचं काम पुसून टाकते.

पावसाळ्यात रात्री रस्त्यावर उभं राहून पाहा. गल्लीभर पाऊस कोसळत असतो, पण दिसतो कुठे? खांबावरच्या दिव्याभोवती, नाहीतर समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये. दिवा आणि आपला डोळा यांच्या मध्ये थेंब आला की तो चमकतो. आपल्या पाठीमागून उजेड टाकला तर बहुतेक प्रकाश थेंबातून आरपार निघून जातो आणि हाती काहीच लागत नाही. एमजीएम स्टुडिओच्या कॅमेऱ्यामागे हॅरल्ड रॉसन होता आणि त्यानं हेच केलं. दिवे पावसाच्या मागे ठेवले, तोंड कॅमेऱ्याकडे. सांगायला एका ओळीचं, पण करायला फार अवघड. मागून उजेड आला की नटाचा चेहरा काळा पडतो, म्हणून समोरूनही बेताचा उजेड हवा. तो जरा जास्त झाला की पाऊस पुसला जातो. रस्त्याच्या कडेला दुकानांच्या काचा, त्यात दिव्यांची प्रतिबिंबं पडणार, तीही लपवायची. त्यात टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या पद्धतीचा तो कॅमेरा एकाच वेळी तीन निगेटिव्हवर चित्र घ्यायचा, त्यामुळे त्याला उजेड भरमसाट लागायचा. हा सगळा तोल सांभाळून तो पाऊस दिसतो आहे.

दूध असतं तर काय झालं असतं, तेही बघा. इतक्या तापलेल्या दिव्यांखाली दूध तासाभरात नासलं असतं, केलीच्या लोकरी सुटावर पांढरे ओघळ उमटले असते, डबकी गढूळ दिसली असती. पडद्यावरची डबकी मात्र काळ्या काचेसारखी आहेत, दुकानांचे दिवे त्यात लखलखतात. सूट पाण्यानं आटत होता, तेवढी गोष्ट खरी.

'रात्रभर' हाही गैरसमज. कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओच्या आवारात उभारलेला तो रस्ता काळ्या ताडपत्रीनं झाकला होता. रात्र दिसते ती ताडपत्रीखालची, बाहेर लख्ख दिवस होता. त्यातून एक अडचण निघाली, ती मला फार आवडते. संध्याकाळी लोक कामावरून घरी आले की बागेतले फवारे सुरू करायचे आणि इकडे स्टुडिओच्या पावसाचा जोर ओसरायचा. त्यामुळे पावसाचं काम पाण्याच्या वेळा सांभाळून करावं लागे. नळाच्या वेळा पाहून दिवस आखणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता एक टेक, म्हणजे कॅमेरा न थांबवता केलेलं सलग चित्रीकरण. गाणं लावा आणि कॅमेऱ्याची जागा कधी बदलते तेवढंच पाहा. कट आहेत, स्पष्ट आहेत, मात्र मोजकेच आहेत आणि हालचालीच्या ओघात बसवलेले आहेत. केली दारातून निघतो, गाडीवाल्याला नको म्हणून हातानं वाटेला लावतो, छत्री मिटतो, खांबाला लटकतो, आणि कॅमेरा त्याच्या सोबत सरकत राहतो. म्हणून सगळं एका दमात झाल्यासारखं वाटतं. पुढे तो छत्री हातात धरून रस्त्यात मोठ्या गिरक्या घेतो आणि कॅमेरा मागे जात उंच चढतो. पाहणाऱ्याचे पायच जमिनीवरून सुटतात. ही किमया केली आणि त्याचा सहदिग्दर्शक स्टॅन्ली डोनन यांनी आधी कागदावर आणि मग क्रेनवर बसवलेली आहे.

आणि समजा एक टेक असताच, तरी 'एकदाच केलं' असा त्याचा अर्थ होत नाही. हॉलिवूडचा दुसरा मोठा नर्तक फ्रेड अस्टेअर, त्याचा आग्रह असे की नाचणारा डोक्यापासून पावलापर्यंत चौकटीत दिसला पाहिजे आणि कट कमीत कमी हवेत. 1936 च्या 'स्विंग टाइम'मधल्या शेवटच्या नाचाचे 47 टेक झाल्याचं सांगतात. त्याच्यासोबत नाचणाऱ्या जिंजर रॉजर्सच्या पायांतून रक्त आलं होतं.

ताप खरा. 103 फॅरनहाइट. स्वतः केलीनं सांगितलेलं आहे. पण त्यावरून 'सुचेल तसा नाचला' हे कुठून आलं? तो पाय आपटून पाणी उडवतो ती डबकी आपोआप साचलेली नाहीत. नाचात पाऊल जिथे पडणार होतं तिथे फरसबंदी खणून ती तयार केली होती. गटाराच्या कडेचं ते तळंही असंच. पाऊल चार बोटं इकडेतिकडे पडलं तर पाणी उडणार नाही. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं, सेटवर ते वाजत असताना त्याच्या मात्रेवर पाऊल टाकायचं. ज्या माणसाची तालीम पक्की असते, त्यालाच तापात उभं राहता येतं. नाटकात मी हे अनेकदा पाहिलं आहे. अंगात कणकण असलेला नट तालमीच्या जोरावर प्रयोग निभावून नेतो. आयत्या वेळी सुचण्यावर विसंबणारा नट तापात कोलमडतो.

गाण्याचं थोडक्यात सांगतो. सिनेमा 1952 चा, गाणं 1929 चं. 'द हॉलिवूड रेव्ह्यू ऑफ 1929'मध्ये क्लिफ एडवर्ड्सनं ते गायलं होतं, 1940 मध्ये ज्युडी गार्लंडनंही गायलं. शब्द आर्थर फ्रीडचे, संगीत नेसियो हर्ब ब्राउनचं. फ्रीड पुढे निर्माता झाला आणि आपल्या जुन्या गाण्यांवर एक सिनेमा करायचं त्यानं ठरवलं. बेटी कॉम्डेन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन यांनी मग गाण्यांभोवती कथा रचली. गाणी मूकपट संपून बोलपट सुरू झाले त्या दिवसांतली, म्हणून कथाही 1927 ची. म्हणजे प्रसंगासाठी गाणं लिहिलेलं नाही, गाण्यासाठी प्रसंग लिहिला आहे. इतकं जुनं गाणं त्या पावसात आजच फुटल्यासारखं वाटतं, यात लेखकांचं कसब आहे.

राहिली देवाची देणगी. केली तेव्हा 39 च्या उंबरठ्यावर होता. सिनेमात येण्याआधी पिट्सबर्गमध्ये तो नाचाची शाळा चालवायचा, मुलांना टॅप, म्हणजे बुटांच्या आवाजानं ताल धरायचा नाच, शिकवायचा. सिनेमात केलीच्या मित्राचं काम करणारा डोनल्ड ओकॉनर व्हॉडव्हिलवाल्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाचे खेळ करणाऱ्या घरातला, चालायला लागला तेव्हापासून रंगमंचावर. भिंतीवर धावत जाऊन उलटी मारणं तो वर्षानुवर्षं करत आलेला होता. तरी 'मेक 'एम लाफ' या गाण्यानंतर त्यानं अंथरूण धरलं. उठल्यावर कळलं की फिल्म खराब झाली आहे, आणि त्यानं ते सगळं पुन्हा केलं. नायिका डेबी रेनल्ड्स 19 वर्षांची, जिम्नॅस्टिक्स येणारी, नर्तिका नव्हे. काही महिन्यांत तिला या दोघांच्या बरोबरीनं उभं राहायचं होतं. 'गुड मॉर्निंग' या गाण्याचं काम सकाळपासून रात्रीपर्यंत चाललं आणि तिची पावलं रक्ताळली. एकदा ती पियानोखाली बसून रडत होती, अस्टेअरनं पाहिलं आणि तिला आपली तालीम बघायला नेलं. तो इतक्या वर्षांनंतरही किती घाम गाळतो, हे तिनं तिथे पाहिलं. तिच्या रक्ताचं कौतुक करणारे मेसेजही फिरतात, ते मला पटत नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलीला इतकं राबवायला नको होतं. कौतुक करायचं तर त्या गाण्यात तिघं मिळून सोफा उलटवतात, तेव्हा तिचं पाऊल किती नेमकं पडतं, ते पाहून करावं.

एक गोष्ट मेसेजमध्ये कधीच नसते. पावसातल्या नाचात टॅपचा जो 'छप्-टक्' आवाज आपण ऐकतो, तो त्या रस्त्यावरचा नाही. पावसाच्या धारा कोसळत असताना बुटांचा आवाज स्वच्छ मिळणं शक्यच नव्हतं, तो मागाहून स्टुडिओत मुद्रित केला. केलीच्या सहायक कॅरल हेनी आणि ग्वेन व्हर्डन यांनी घोटाभर पाण्यात उभं राहून, पडद्यावरच्या त्याच्या पावलाशी पाऊल जुळवत तो दिला, असं व्हर्डननं नंतर सांगितलं. पुढच्या खेपेला गाणं लावाल तेव्हा मिनिटभर डोळे मिटून फक्त ती पावलं ऐका.