ताईची तिजोरी आणि आयआरएचं सोनं

परवा रात्री अमेरिकेतल्या एडिसनहून ताईचा फोन आला. जुन्या कंपनीच्या ४०१-के खात्यातले, म्हणजे नोकरीत निवृत्तीसाठी साठवलेले, सगळे पैसे काढून सोनं घ्यायचं तिच्या मनात होतं. कपाटात साड्यांच्या मागे तिजोरी बसेल का, हेही तिनं टेप लावून पाहिलं होतं! कारण काय, तर ग्रुपवर आलेला मेसेज: ‘निवृत्तीचे पैसे गोल्ड आयआरएत वळवा, नाणी घरच्या तिजोरीत ठेवा. कर शून्य. सोनं पडत नाही. सरकारही हात लावू शकत नाही.’ (आयआरए म्हणजे निवृत्तीसाठी आपण स्वतः उघडायचं, कर सवलतीचं खातं. त्यात सोनं ठेवलं की झालं गोल्ड आयआरए.)

तिजोरीचंच आधी घेते, कारण माणूस बुडतो तो तिथे. अमेरिकी कायद्याप्रमाणे आयआरएतलं सोनं बँकेच्या किंवा आयआरएसने, म्हणजे तिथल्या कर खात्याने, मान्य केलेल्या ट्रस्टीच्या (खातं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) ताब्यात असावं लागतं. त्यावर विकणाऱ्यांनी पळवाट काढली: आयआरएच्या नावाने एक एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी काढा, कंपनीने नाणी घ्यायची, आणि कंपनीच्या मॅनेजर तुम्हीच, म्हणून नाणी तुमच्या घरी. ऱ्होड आयलंडच्या डोना मॅकनल्टी यांनी नेमकं हेच केलं. २०१५ आणि २०१६ मध्ये चार लाख डॉलरहून जास्त किमतीची अमेरिकन ईगल नाणी घेऊन घरच्या तिजोरीत ठेवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅक्स कोर्टाने निकाल दिला की नाणी हवी तेव्हा हाताळता येतात, म्हणजे पैसे खात्यातून काढले असंच धरायचं. वर कर आणि दंड. ‘वेबसाइटवर असंच लिहिलं होतं’ हा बचाव चालला नाही. विकणाऱ्याची जाहिरात म्हणजे कर सल्लागाराचा सल्ला नव्हे, एवढं तरी कळायला हवं होतं, असा एकूण सूर.

आता ताईचं गणित. वय सत्तावन्न. दोन लाख डॉलर असे साड्यांच्या मागे गेले, तर ते सगळे त्या वर्षीच्या उत्पन्नात धरले जातील. शिवाय साडेएकोणसाठच्या आत काढले म्हणून दहा टक्के, म्हणजे वीस हजार डॉलर वेगळे. ‘कर शून्य’ म्हणतात तो हा. आणि नियमाप्रमाणे ट्रस्टीकडे ठेवलं, तरी साध्या आयआरएतून पैसे काढताना कर लागतोच. लांबतो, माफ होत नाही.

सोनं पडत नाही? जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर होतं. तो आकडा परत दिसला जानेवारी २००८ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं ना व्याज, ना लाभांश. महागाई धरली तर तेव्हाही तोटाच. बरं, हेही कबूल करते की २०१५ च्या अखेरीस हजार-साडेदहाशेला असलेलं सोनं ऑक्टोबर २०२५ मध्ये चार हजारांवर गेलं. थोडं सोनं जवळ असावं हे आपल्या आज्याही सांगायच्या, त्यात चूक नाही. पण त्यासाठी साध्या आयआरएत गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअरसारखा विकत मिळणारा फंड घेता येतो. प्रत्यक्ष नाण्यांवर ट्रस्टीची फी, साठवणीचं भाडं, आणि घेताना एक भाव, विकताना दुसरा. सराफाने घट कापावी तसंच.

सरकार हात लावत नाही म्हणे! १९३३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी औंसाला २०.६७ डॉलर देऊन लोकांचं सोनं जमा करून घेतलं आणि पुढच्याच वर्षी भाव ३५ केला. १९७४ संपेपर्यंत साध्या माणसाला सोन्याची लगड बाळगायची मुभा नव्हती.

एवढं सगळं ऐकून ताई म्हणाली, “मग आईच्या पाटल्या तरी खात्यात टाकता येतील का गं?”

नाही. दागिने चालत नाहीत, आणि खात्यात दरवर्षी भरायचं ते रोखच. पाटल्या गणपतीला घालून ये म्हटलं.