इअर मफ घेताय? आधी कुशन बघा, सर्किट नंतर

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ ला नेमबाज स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं, तेव्हापासून आमच्या लातूरकडंही लेकरांना घेऊन रेंजवर येणारे आईबाप वाढलेत. फार बरं वाटतं बघून. रायफल कोणती घ्यायची, जॅकेट कुठून शिवायचं, पेलेट कुठले वापरायचे, सगळं बारकाईनं विचारतात. आणि गाडीला किल्ली लावता लावता कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ते इलेक्ट्रॉनिक इअर मफ घ्यावं का? गोळी सुटली की आवाज आपोआप बंद करतं म्हणे."

दर वेळी उभ्या उभ्या अर्धवट सांगून होतं, म्हणून आज सगळं लिहून काढते. मी रेंजवर फायरिंग लाइनच्या मागं उभी राहून लेकरांवर लक्ष ठेवणारी बाई आहे, दुकानदार नाही. कुठल्याच कंपनीशी माझं देणंघेणं नाही.

इअर मफ म्हणजे गोळीच्या आवाजापासून वाचवायला दोन्ही कानांवर बसवायचे कप. "आपोआप बंद करतं" हा समज आधी डोक्यातून काढा. इलेक्ट्रॉनिक मफच्या बाहेर मायक्रोफोन असतात आणि आत छोटे स्पीकर. बाहेरचं बोलणं मायक्रोफोन पकडतो आणि स्पीकर आत ऐकवतो, पाहिजे तर वाढवूनही ऐकवतो. बाहेर मोठा आवाज झाला की सर्किट तो आत ऐकवणं थांबवतं किंवा दाबतं. बऱ्याच मॉडेलमध्ये ही मर्यादा ८२ डेसिबलच्या आसपास ठेवलेली असते. सर्किटचं काम इथं संपलं. हवेतून थेट कानाकडं येणारा गोळीचा आवाज अडवतो तो प्लास्टिकचा कप, त्याच्या आतला फोम आणि कानाभोवती टेकणारी कुशन. सेल काढून बाजूला ठेवले तरी मफ तेवढंच संरक्षण देतो. मी पोरांना हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण सेल संपला की मफ निकामी झाला असं समजून तो गळ्यात लटकवणारे आहेत आणि शेजारच्या लेनवर फायरिंग चालूच असतं.

आता आकड्यांकडं या. खोक्यावर एनआरआर म्हणून एक आकडा असतो, आवाज किती डेसिबलनं कमी होतो ते सांगणारा. हॉवर्ड लाइटच्या इम्पॅक्ट स्पोर्टचा २२, वॉकर्स रेझरचा २३, पेल्टर स्पोर्ट टॅक्टिकल ५०० चा २६. आणि पेल्टरचाच एक्स-५-ए नावाचा साधा, बिनसर्किटचा, जाडजूड मफ आहे, त्याचा ३१. म्हणजे नुसता आवाज अडवायचा असेल तर साधा मफ या तिघांच्याही पुढं आहे. युरोपातल्या मालावर एसएनआर लिहिलेलं असतं. त्याची मोजायची पद्धत वेगळी आणि आकडा सहसा मोठा दिसतो, तेव्हा एकाचा एनआरआर आणि दुसऱ्याचा एसएनआर शेजारी ठेवून तुलना करू नका. हे आकडेसुद्धा प्रयोगशाळेतले, मफ नीट बसवून मोजलेले. अमेरिकेच्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेनं तर १९९८ मध्ये मफच्या आकड्यातून पाव हिस्सा वजा करूनच हिशोब करा असं सांगितलं होतं. बावीसचे साडेसोळा राहिले. ऑनलाइन ज्या मफवर एनआरआर नाही, एसएनआर नाही, ईएन ३५२ हा युरोपचा मानक क्रमांक नाही, आपला भारतीय आयएस ९१६७ पण नाही, नुसता लाल-निळा दिवा लागतो, तो लेकराच्या कानाला लावू नका. नॉइज कॅन्सलेशनवाले ब्लूटूथ हेडफोनही नकोत. ते विमानातल्या, बसमधल्या सलग घरघरीसाठी बनवलेले असतात. गोळीचा आवाज क्षणात येऊन जातो, त्याला ते पुरे पडत नाहीत.

एवढी कटकट कशासाठी, तर हे बघा. क्षणिक आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. साधी .२२ रायफल (.२२ हे नळीचं इंचातलं माप) त्या रेषेजवळच वाजते, बारा बोअरची बंदूक आणि मोठ्या बोअरच्या पिस्तुली तर तिच्या बऱ्याच वर. डेसिबलमध्ये दहा वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, त्यामुळं १४० आणि १६० यांतला फरक वीसचा नसून शंभरपटीचा आहे. त्यात आमच्याकडं फायरिंग पॉइंटवर पत्र्याचं छप्पर आणि दोन्ही बाजूंना भिंती. आवाज बाहेर जाण्याऐवजी वरून आदळून परत कानात येतो.

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज टिपणाऱ्या, म्हणून सुरुवातीला काही कळतच नाही. फोन ऐकू येतो, टीव्ही ऐकू येतो. पुढं मग लग्नाच्या मांडवात समोरच्याचं बोलणं ऐकू येतं पण समजत नाही, आणि रात्री सगळं शांत झालं की कानात शिट्टी वाजत राहते. उजव्या हातानं रायफल चालवणाऱ्याचा डावा कान सहसा जास्त बिघडतो. तो नळीच्या तोंडाकडं असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशाला राहतो.

"सवय होते हो कानाला" हे वाक्य मी एनसीसीच्या कॅम्पपासून ऐकत आलेय. तिथं .२२ च्या फायरिंगला आमच्या हातात कापूस दिला जायचा. कापसाच्या मुलखात कापसाला काय तोटा! पण कापसाचा बोळा गोळीचा आवाज जवळजवळ अडवतच नाही. आणि कानाला सवय वगैरे काही होत नाही, कान कमी ऐकायला लागतो. फायरिंगनंतर कान दडे बसल्यासारखे झाले आणि सकाळी मोकळे झाले, तर ते बरे झाले असंही धरू नका. तो मार लागल्याचा इशारा असतो. कोच, नातेवाईक, रिटायर्ड फौजी, कुणीही कितीही प्रेमानं "पोरगं कणखर होऊ द्या" म्हटलं, तरी या एका बाबतीत आईबापांनी ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कुशन. पैसे खर्च करून घेतलेला चांगला मफ वाया जातो तो इथं. चष्म्याची काडी कुशनखालून जाते तिथं कुशन उचलली जाते, आणि तेवढ्या फटीतून आवाज आत शिरतो. जाड काडीचा चष्मा असेल तर फट करंगळीच्या नखाएवढी, डोळ्यांनी दिसते. बारीक, चपट्या काडीचा चष्मा घ्या आणि मफ मऊ जेल कुशनचा. आमच्या पोरी स्कार्फ बांधून स्कूटीवर येतात आणि त्याच स्कार्फवरून मफ चढवतात. स्कार्फ सोडा, केस कानामागं घ्या, कानातले काढून डबीत ठेवा, मग मफ लावा. पोरांच्या टोप्यांचंही तेच. लावून झाल्यावर सर्किट बंद ठेवून दोन्ही कप तळहातांनी डोक्याकडं दाबून बघा. दाबल्यावर आजूबाजूचा गलका एकदम कमी झाला, तर मफ आधी नीट बसला नव्हता.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बेचाळीस डिग्रीत कुशन घामानं चिकट होते. त्यात डोक्याचं तेल लागलं की प्लास्टिक कडक होऊन तडकतं. रोज ओल्या फडक्यानं पुसा. कुशन बदलायला मिळते का, हे घेण्याआधीच विचारा. मिळत नसेल तर तो मफ घेऊ नका. बंद गाडीत मफ टाकून जाऊ नका आणि आठवडाभर रेंज नसेल तर सेल काढून ठेवा, गळून सर्किट खराब करतात.

रायफलवाल्यांना आणखी एक अडचण येते. गाल दस्त्याला टेकवला की मफच्या कपाचा खालचा भाग दस्त्याला लागतो, कप वर ढकलला जातो आणि नेमका गोळी सुटतानाच कान उघडा पडतो. म्हणून रायफलला खालून निमुळत्या, सडपातळ कपाचा मफ लागतो. सडपातळ कप सहसा आवाज कमी अडवतो, ती उणीव मफच्या आत कानात फोमचे प्लग, म्हणजे मऊ बोळे, घालून भरून काढायची. पिस्तूलवाल्यांना ही अडचण नाही, त्यांनी खुशाल जाड कप घ्यावा.

एवढं सगळं सांगूनही मी इलेक्ट्रॉनिक मफच्या बाजूची आहे. साध्या मफमध्ये लेकराला कोचचं ऐकू येत नाही. कोच मागून काही सांगतो, लेकरू डावा कप दोन बोटांनी उचलून "काय सर?" म्हणून मान वळवतं, आणि त्याच क्षणी बाजूच्या लेनवरची गोळी सुटते. हे मी डोळ्यांनी बघते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. इलेक्ट्रॉनिक मफ असला की कप उचलायची गरजच राहत नाही. "स्टॉप" आणि "अनलोड" या कमांड सगळ्यांना एकाच वेळी ऐकू गेल्या पाहिजेत, तो तर सगळ्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. मफ शेवटपर्यंत कानावर राहावा, सर्किटला पैसे द्यायचे ते एवढ्यासाठी.

त्यातही निवड आहे. स्वस्त मॉडेल मोठा आवाज आला की स्पीकर पार बंद करतात आणि क्षणभरानं चालू करतात. एकटं फायरिंग असेल तर चालून जातं. पाच-सहा लेन चालू असल्या की कोचचं वाक्य तुटक तुटक येतं आणि लेकरू वैतागून आवाजच बंद करतं. जे मॉडेल आवाज तोडण्याऐवजी दाबून ऐकवतं, ते घ्या. दोन्ही कानांना वेगळा मायक्रोफोन हवा, म्हणजे हाक कुठून आली ते कळतं. उघड्या रेंजवर वारा मायक्रोफोनमध्ये घुसून घोंघावतो, त्यासाठी मायक्रोफोनवर फोमची टोपी असलेलं बरं.

आणि छपराखाली .२२ किंवा त्याहून मोठं काही चालत असेल तर दुहेरी लावा. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. वरून इलेक्ट्रॉनिक मफ, आवाज थोडा वाढवून. प्लगमधूनही कमांड कळते. दोन्हींचे आकडे मात्र बेरजेत धरू नका. मोठ्या आकड्यात साधारण पाच मिळवायचे, इतकाच फायदा, पण गोळीच्या बाबतीत तो पाचसुद्धा सोडायचा नाही.

ज्यांची लेकरं अजून दहा मीटर एअर रायफलवर आहेत, त्यांनी घाईनं हजारो रुपये घालू नयेत. एअर रायफलचा आवाज .२२ पेक्षा फार कमी असतो. तिथं फोमचे प्लग किंवा साधा मफ पुरतो. ते पैसे .२२ हातात येईपर्यंत बाजूला ठेवा.

विषय निघालाच आहे तर, पीक संरक्षणाचा परवाना असलेल्या शेतकरी भावांनाही सांगते. रानडुकरं हाकलायला रात्री बारा बोअर उडवता तेव्हा कान उघडेच असतात. इलेक्ट्रॉनिक मफमध्ये तुरीतली सळसळ उलट जास्त ऐकू येते.

लाइनच्या मागं बाकावर बसलेल्या आईबापांना आणि कडेवरच्या धाकट्या भावंडांना कुणी काही लावत नाही, याचा मला राग येतो. फोमची जोडी चहाच्या पैशात येते. प्रत्येक रेंजच्या दारात प्लगचा डबा असावा आणि प्लग घातल्याशिवाय कुणालाच आत सोडू नये, मग तो पाहुणा कितीही मोठा असो. आमच्याकडं हे व्हावं म्हणून मी मागं लागलेय, तुमच्या रेंजवर तुम्ही लागा.

राहिला स्पर्धेचा मुद्दा. आयएसएसएफ या नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत खेळाडूला फक्त आवाज कमी करणारं साधन चालतं. आवाज वाढवणारा किंवा रिसीव्हर असलेला मफ चालत नाही, आणि आपल्याकडच्या मॅचेस याच नियमांनी होतात. तेव्हा सरावाला इलेक्ट्रॉनिक असला तरी बालेवाडीला मॅचसाठी निघताना बॅगेत साधा मफ आणि प्लगच्या दोन जोड्या टाका. मॅचच्या आधीचे काही दिवस सरावही त्याच साध्या मफमध्ये करू द्या. लेकराला त्या शांततेत, कोचच्या आवाजाशिवाय नेम धरायची ओळख झालेली असली पाहिजे.