कपाशीच्या गावात मॉलचं ट्रेनिंग

काल पुन्हा कौशल्य विकासवाले गावात येऊन गेले. कोर्स कोणता, तर 'रिटेल सेल्स असोसिएट'. अहो, आमच्याकडं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे कृषी सेवा केंद्र, तिथं माणूस बियाणं उधारीवर मागायला जातो. त्याला 'मे आय हेल्प यू सर' म्हणायला महिनोन्महिने शिकायचं?

वेळ तरी पाहा. ऐन कापूस वेचणीत सकाळी दहाला अंगठा लावून हजेरी! वेचणारी बाई किलोवर कमावते, तिनं मजुरी बुडवून वर्गात काहून बसावं? मग बॅच भरायला कॉलेजातली पोट्टी धरून आणतात.

आमच्या वहिनी शिवणाच्या बॅचला गेल्या होत्या. अर्ध्या मशिनींना बॉबिन केस नाही, एकीचा पट्टा तुटलेला. तपासणीच्या दिवशी सगळ्या बायांनी दोरा न ओवताच पायडल मारायचं. "फोटोत दोरा थोडीच दिसते वो ताई," हे खुद्द शिकवणारीचं वाक्य. वहिनींना अजून साधा परकर शिवता येत नाही. सर्टिफिकेट तेवढं सासूबाईंनी लॅमिनेट करून भिंतीला लावलंय.

ट्रेनिंग केंद्राला सरकारी पैसा मिळतो दर विद्यार्थ्यामागे, तासाच्या हिशोबानं. मग एक खोली आणि एक प्रोजेक्टर यात उरकेल तोच कोर्स येणार. मोटर रिवाइंडिंग शिकवायचं तर तांब्याची तार लागते, जळक्या मोटरी लागतात, हात काळे करणारा मास्तर लागतो. हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी मोटर जळली की तालुक्याला नंबर लावून बसावं लागते, एवढं काम पडून आहे. पण कलेक्टरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याचा कौशल्य आराखडा ठरवणारी जी समिती आहे, तिच्यातलं कोणी आमच्या पारावर येऊन विचारल्याचं मला तरी माहीत नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 ची. पहिल्या तीन टप्प्यांत किती जण नोकरीला लागले याची निदान नोंद ठेवायचे. चौथ्या टप्प्यात तीही सोडली. म्हणे पोरं आपापला मार्ग निवडतील. निवडतात ना, रात्रीची पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतात!

आणि 2017 आठवलं की डोकंच फिरते. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी हे कौशल्य नाही का बाप्पा? तुंबलेलं नोझल तोंडानं फुंकायचं नाही, वाऱ्याकडं तोंड करून फवारायचं नाही, दोन-तीन औषधं अंदाजानं एकत्र करायची नाहीत, डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे काय, हे शिकवायला किती खर्च येतो? आमच्या गावात तरी असा वर्ग कोणी घेतला नाही.

डब्यावरचं वाचता यायला आधी अक्षर लागते. त्यासाठी 'उल्लास' ही केंद्र सरकारची साक्षरता योजना आहे, पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी, 2022 ते 2027, सगळ्या देशाला मिळून 1,037.90 कोटी. शिकवायचं कोणी? स्वयंसेवकांनी, बिनपैशानं. म्हणजे सेल्समनचं स्मितहास्य शिकवणाऱ्याला तासाचा दर, आणि रात्री कंदिलाएवढ्या उजेडात म्हाताऱ्याला 'विष' वाचायला शिकवणाऱ्याला नुसता नमस्कार.

यायचंच असेल तर मे महिन्यात या, शेतं रिकामी असतात तेव्हा. पंप आणा, हातमोजे आणा, जळकी मोटर आम्ही देतो. आधार कार्डाची झेरॉक्स मागायला परवा पुन्हा येणार म्हणून सांगून गेलेत. माझी तर मिळणार नाही.