ठाणं रात्री का निवत नाही: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मार्च संपत आला की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक संदेश हमखास येतो. त्याचा सारांश असा: उष्णता जगभर वाढली आहे, त्यात शहराचा काय दोष? ठाण्याला येऊरचा जंगलाचा डोंगर आहे, खाडी आहे, तलाव आहेत, म्हणजे निसर्गानेच आपली सोय केली आहे. गच्चीला पांढरा रंग लावणं हे रंगवाल्यांनी काढलेलं खूळ. एक झाड दहा एसींइतका गारवा देतं, तेव्हा घरटी एक रोप लावा, विषय संपला. आणि डांबरी रस्ते काँक्रीटचे झाले की उरलासुरला तापही जाईल.

वाचायला बरं वाटतं. पण सर्वसाधारण सभेत गच्चीचा विषय निघाला की कुणीतरी हाच संदेश वाचून दाखवतं आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

जग तापतंय हे खरंच आहे. पण जगाचा ताप डोंगरावरच्या येऊर गावाला आणि खाली भर शहरातल्या नौपाड्याला वेगवेगळा वाटून मिळत नाही. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास येऊरहून दुचाकीवर उपवनकडे उतरून बघा. आभाळ तेच, समुद्र तेवढाच लांब, तरी घाट संपता संपता अंगाला लागणारी हवा बदलते. हा फरक शहराने केलेला आहे. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तापमानाच्या नोंदी ठेवून दाखवलं होतं की शहर रात्री भोवतालच्या मोकळ्या भागापेक्षा उबदार असतं. तेव्हा ना एसी होते, ना तापमानवाढीची चर्चा. कारण साधं आहे. स्लॅब, भिंती आणि रस्ते दिवसभर ऊन पितात आणि सूर्य मावळल्यावर ते परत सोडतात. इमारती जवळजवळ आणि उंच असल्या की ती उष्णता आभाळाकडे न जाता समोरच्या भिंतीवर जाते. माती झाकलेली, त्यामुळे बाष्पीभवनाने गारवा यायचीही सोय नाही. पेपरात छापून येणारं कमाल तापमान दुपारचं असतं, त्यात हे सगळं दिसत नाही. त्रास आहे तो किमान तापमानाचा. रात्रीच शरीराला विसावा मिळायचा असतो, नेमका तोच मिळत नाही.

आता येऊर. समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो आणि राष्ट्रीय उद्यानाचा हा सगळा डोंगर ठाण्याच्या पश्चिमेलाच उभा आहे. म्हणजे दुपारी हा डोंगर वाऱ्याच्या वाटेतच येतो. त्याचा खरा उपयोग रात्री होऊ शकतो, कारण जंगलात गार झालेली हवा जड असते आणि उताराने खाली वाहते. पण पायथ्याशी पोखरण रोडपासून घोडबंदर रोडपर्यंत टॉवरांची भिंत उभी केल्यावर ती हवा नौपाड्यापर्यंत येणार कुठून? जर्मनीतलं श्टुटगार्ट शहर असंच डोंगरांच्या कुशीत आहे. तिथल्या नियोजनात उतारावरच्या हवेच्या वाटा नकाशावर आखून मोकळ्या ठेवतात, त्यांत बांधकामाला मर्यादा घालतात. आपल्याकडे डोंगराचं दृश्य दिसणाऱ्या फ्लॅटला जास्त भाव मिळतो, आणि ते दृश्य नेमकं हवेच्या वाटेत उभं राहून बघायचं असतं.

तलावांबद्दल फार बोलायची गरज नाही. मासुंदा किंवा कचराळीच्या काठावर दुपारी बरं वाटतं, पण हा गारवा काठालगतच्या पट्ट्यापुरता. रात्री तलावाचं पाणी हवेपेक्षा सावकाश निवतं. तलाव जपायलाच हवेत, पण त्यांच्या भरवशावर वागळे इस्टेटमधला पत्रा थंड होत नाही.

सगळ्यात जास्त चेष्टा होते ती पांढऱ्या गच्चीची. ते बाहेरून आलेलं खूळ असेल, तर आपल्या जुन्या इमारतींच्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोब्यावर (विटांच्या तुकड्यांच्या थरावर) पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक कशाला घालत असत? गळती थांबावी हा मुख्य हेतू, पण वरच्या मजल्याला त्याने ऊनही कमी लागायचं. नव्या डांबराचा पृष्ठभाग त्याच्यावर पडलेल्या उन्हातला जेमतेम 5 टक्के भाग परत फेकतो. चांगला पांढरा लेप नवा असताना 70 ते 80 टक्के फेकतो. धुळीने तो आकडा उतरतो, हे कबूल. ठाण्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शेवाळ धरतं, साधा चुना धुऊन जातो. मग चुना होळीच्या सुमाराला दर वर्षी मारायचा, नाहीतर काही वर्षं टिकणारा ॲक्रिलिक लेप घ्यायचा. छत्री दर दोन पावसाळ्यांनी बदलावी लागते म्हणून कुणी भिजत जात नाही.

संदेशात आणखी एक शंका आहे: पांढरी गच्ची उष्णता शेजाऱ्याच्या अंगावर ढकलते. ही शंका अगदीच पोकळ नाही. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांना फिकट लेप दिला, तेव्हा रस्ता थंड राहिला, पण भर दुपारी त्यावर उभ्या माणसाला खालून परतणाऱ्या उन्हाचा जास्त ताप झाला. मात्र तो रस्ता होता. गच्चीवरून परतणारं ऊन बहुतांशी आभाळाकडे जातं. चार मजली इमारतीला लागून वीस मजली टॉवर असेल, तर त्याच्या काही खिडक्यांना चकाकी जाणवेल, एवढंच.

आणि ज्यांच्या डोक्यावर स्लॅबच नाही त्यांचं काय? लोकमान्यनगर, किसननगर, कळव्याच्या डोंगरउतारावरच्या वस्त्या इथे सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्याखाली माणसं राहतात. मध्ये कसलाच थर नसल्याने तापलेला पत्रा थेट डोक्यावर असतो. पांढऱ्या रंगाचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच होतो. अहमदाबादने 2010 च्या भीषण मे महिन्यानंतर, 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि 2017 मध्ये गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा लेप देण्याचं काम हाती घेतलं. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. ठाणे महापालिकेचाही 2024 मध्ये उष्णता कृती आराखडा आला. सोसायट्यांनी गच्चीवर ज्या निळ्या पत्र्याच्या शेड घातल्या आहेत, त्याही फिकट रंगाच्या आणि बाजूने मोकळ्या ठेवल्या तर स्लॅबला उत्तम सावली देतात. बाजू बंद करून आत भंगार भरलं की कोंडलेली उष्णता स्लॅबवाटे खालच्या घरात उतरते.

‘एक झाड म्हणजे दहा एसी’ हे वाक्य इतकं गोड आहे की ते खोडायला जीव होत नाही. पण हिशेब करूच. मोठं झाड भरपूर पाणी मिळालं तर दिवसाला 100 लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडू शकतं. तेवढं पाणी वाफ व्हायला साधारण 68 युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता लागते. आता उदार होऊन एक टनाचाच एसी धरू. तो तासाला साडेतीन युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो. असे दहा एसी वीस तास चालले की 700 युनिट झाले. तेवढ्यासाठी झाडाला रोज हजार लिटरहून जास्त पाणी लागेल. ठाण्याची हवा आधीच दमट, त्यामुळे पानांतून पाणी उडतंही कमी. आणि हे सगळं मोठ्या झाडाचं गणित, कुंडीतून काढून लावलेल्या वीतभर रोपाचं नव्हे.

झाडाची खरी किंमत सावलीत आहे. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा 38 अंशांच्या आसपास होता, विदर्भाच्या मानाने फार नव्हे. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि वरून थेट ऊन, हा मेळ जीवघेणा असतो. म्हणूनच हवामान खातं मैदानी प्रदेशात 40 अंशांची अट ठेवतं, तर किनाऱ्यावर 37 अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. सावली हवी असेल तर पर्जन्यवृक्ष, करंज, कडुनिंब लावा. संकुलांच्या दारात रांगेने उभे केलेले शोभेचे पाम विजेच्या खांबाइतकीच सावली देतात. शिवाय आहे ते झाड आधी वाचवा. पार्किंगसाठी बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना ना हवा, ना पाणी. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं.

काँक्रीटचे रस्ते नव्या डांबराहून फिकट असतात आणि दुपारी कमी तापतात, इतपत संदेश बरोबर आहे. पण जाड काँक्रीट उष्णता साठवतं आणि पावसाचं पाणी जमिनीत मुरू देत नाही, म्हणजे रात्रीचा प्रश्न तिथेच राहतो.

संदेशाच्या शेवटी सल्ला आहे: तोवर चांगला इन्व्हर्टर एसी घ्या. घ्या की. फक्त एवढं लक्षात असू द्या की दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालताना खोलीतली सव्वापाच किलोवॉट उष्णता आणि स्वतः खाल्लेली सुमारे दीड किलोवॉट वीज, दोन्ही मिळून डक्टमध्ये किंवा गॅलरीबाहेर ओकतो. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराच्या अभ्यासात एसींच्या या उष्णतेने काही भागांत रात्रीची हवा एक अंशाहून जास्त तापते असं दिसलं. म्हणून नवा एसी बसवायची परवानगी देताना कमिटीने एक गोष्ट बघावी: बाहेरच्या युनिटचं तोंड खालच्या किंवा समोरच्या घराच्या खिडकीकडे नको. बरीच भांडणं तिथूनच सुरू होतात.