'आयएनजी' लावलं की झालं, असं मुलांना शिकवू नका

मंडळी, आज जरा मोठं लिहितेय, कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ आपण मुलांना उलट्या बाजूने शिकवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी सूत्र पाठ करून घ्यायचं: कर्ता, मग ॲम, इज किंवा आर, मग क्रियापदाला आयएनजी. त्यानंतर 'पुढील वाक्यांचा काळ बदला' म्हणून एक कागद हातात द्यायचा. हा काळ बोलताना लागतो कधी, ते मात्र राहूनच जातं.

मी इंदूरला लोकमान्य नगरात घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बहुतेक मुलं मराठी घरांतली. मागे आठवीतल्या एका मुलीने शाळेची वही दाखवली. दिलेलं वाक्य होतं, 'शी लाइक्स मँगोज'. तिने लिहिलं होतं, 'शी इज लायकिंग मँगोज'. त्याच्या खाली 'आय नो द आन्सर'चं 'आय ॲम नोइंग द आन्सर'. दोन्हींपुढे लाल पेनाने बरोबरची खूण! पोरीने सांगितलं तसं चोख केलं होतं, मुळात प्रश्नच चुकीचा होता. लाइक, नो, वॉन्ट, बिलीव्ह, बिलाँग ही क्रियापदं हातून घडणारं काम सांगत नाहीत, ती स्थिती सांगतात, आणि प्रमाण इंग्रजीत त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. जे वाक्य या काळात जातच नाही, ते मुलाकडून बळंच तिथे नेऊन वर त्याला मार्क द्यायचे, याचा मला खरंच राग येतो. दहावीनंतर हेच मूल मुलाखतीला 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतं आणि समोरचे हसतात. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र अगदी बरोबर, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, आणि जेवण चालू असतं. हा फरक समजायला चौथीतल्या मुलालाही पाच मिनिटं पुरतात. पण कुणीतरी तो सांगायला तर हवा.

आपल्या मुलांची खरी अडचण आणखी वेगळी आहे आणि ती पाठ्यपुस्तकात कुठेच येत नाही. मराठीत 'आहे' जिथे तिथे असतं. मला माहीत आहे, मला हवं आहे, मला दोन भाऊ आहेत. मूल 'आहे' ऐकतं आणि ॲम किंवा इज शोधायला लागतं. उलट, जिथे इंग्रजीला चालू काळ हवा तिथे आपण भलतंच रूप वापरतो. आजोबा झोपलेत. ताई खुर्चीवर बसली आहे. आई निळी साडी नेसली आहे. आपल्या लेखी झोपणं, बसणं, नेसणं हे होऊन गेलं आणि आता त्याचा परिणाम दिसतोय. इंग्रजी तेच सगळं चालू धरते: 'इज स्लीपिंग', 'इज सिटिंग', 'इज वेअरिंग'. खालून कुणी हाक मारली की आपण जिन्यावरून 'आले, आले' ओरडतो, तेव्हा तर आपण निघालेलोही नसतो. इंग्रजीत तिथे 'आय ॲम कमिंग'. शब्दाला शब्द लावणारं मूल तिथे 'आय केम' म्हणणार, दुसरं काय म्हणेल?

त्यात आपलं इंदूर. घरात 'काय करतोयस', काही घरांत 'काय करून राहिलास', आणि गल्लीत पाऊल टाकलं की 'क्या कर रिया है'. चालू काळ मुलांच्या कानावर इतक्या तऱ्हांनी पडतो! ही त्यांची जमेची बाजू आहे. वर्गात यातलं एकही वाक्य 'गावठी' म्हणून दाबू नये, उलट त्यावरूनच सुरुवात करावी.

मी काय करते, तर सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी दोन प्रश्न विचारायला लावते. काम अर्धवट आहे का? आणि ही गोष्ट काही दिवसांपुरतीच आहे का? बुऱ्हाणपूरहून पीएससीची तयारी करायला आलेला, भंवरकुआंला खोली घेऊन राहणारा मुलगा 'आय ॲम लिव्हिंग इन इंदूर' म्हणाला तर शंभर टक्के बरोबर, कारण त्याचा मुक्काम तात्पुरता आहे. माझा जन्म इथला, मी 'आय लिव्ह इन इंदूर' म्हणणार. तसंच 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट, आणि 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणा करतोय, एरवी तसा नाही. एवढ्याशा 'बीइंग'मुळे एखाद्याच्या स्वभावावर शिक्का बसायचा टळतो. मला तर हे इंग्रजीतलं फार सुंदर काहीतरी वाटतं.

सगळ्यात जास्त घात होतो तो 'पासून'ने. '2019पासून काम करतेय' हे मराठीत बरोबर, हिंदीत बरोबर, म्हणून 'आय ॲम वर्किंग सिन्स 2019' सर्रास लिहिलं जातं. सिन्स आला की 'आय हॅव बीन वर्किंग'. नोकरीच्या अर्जात ही एक दुरुस्ती मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते.

मोठ्या मुलांना मी आपल्या मेट्रोचं उदाहरण देते. 31 मे 2025ला पहिला टप्पा सुरू झाला, म्हणून त्या टप्प्यावर 'द मेट्रो रन्स'. पुढच्या मार्गाचं काम चालू आहे, म्हणून 'द रेस्ट इज बीइंग बिल्ट'. आता गंमत अशी की हे 'इज बीइंग बिल्ट' इंग्रजीत फार जुनं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बांधकाम चालू असलेल्या घराला लोक 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. नवं रूप आलं तेव्हा एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक इंग्रज व्याकरणकारांना ते ओबडधोबड वाटलं, त्यांनी भरपूर नाकं मुरडली. पण लोकांना सोयीचं होतं ते टिकलं. हे ऐकलं की मुलांची भीती निम्मी होते.

यावर काही जण म्हणतात, 'आय ॲम नोइंग' हे भारतीय इंग्रजी आहे, समजतं ना, मग झालं. आपापसात बोलताना मीही कुणाला टोकत नाही. पण परीक्षा आणि मुलाखत घेणारा ते चूकच धरतो, आणि नुकसान त्या मुलाचं होतं. घरी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मुलांना या गोष्टी कानाने कळतात. आपल्या मुलांना त्या सांगाव्याच लागतात.

स्पेलिंगचा फार बाऊ करू नये. मेकचा शेवटचा ई जातो, रनचा एन दुप्पट होतो, लायचं रूप वाय घेतं. बिगिनमध्ये जोर शेवटी म्हणून एन दुप्पट, व्हिजिटमध्ये जोर आधी म्हणून टी एकच. आठवडाभर लिहिलं की हाताला बसतं. ठरलेल्या बेताचा वापर मात्र आवर्जून शिकवा. तिकिटं काढून झाली असतील तर 'वुई आर गोइंग टु पुणे ऑन फ्रायडे', आणि गाडीच्या वेळापत्रकाला साधा काळ, 'द ट्रेन लीव्हज'.

शिक्षक मित्रमैत्रिणींना हात जोडून विनंती: काळ बदलायच्या कागदांतून नो, लाइक, वॉन्ट, बिलाँग एवढे तरी काढा. पालकांनीही वही एकदा उघडून बघा आणि असं वाक्य दिसलं तर बाईंशी शांतपणे बोला. मी सध्या 'झोपलेत', 'आले आले', 'पासून करतेय' अशा वाक्यांचं कोष्टक तयार करतेय, डावीकडे आपलं बोलणं आणि उजवीकडे इंग्रजी. तुमच्या घरात बोलली जाणारी अशी वाक्यं मला जरूर पाठवा, 'करून राहिलो'वाली तर नक्कीच.